कॅलिफोर्नियात लग्न करायचंय? आधी काउंटीचं लायसन्स

"मदर्स बर्थ नेम?" काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं आणि मी स्वतःच्याच लग्नाच्या अर्जावर अडले. आईचं आत्ताचं नाव अर्थातच पाठ होतं. तिचं माहेरचं आडनावही माहीत होतं. पण जन्माच्या वेळी ठेवलेलं नाव? लग्नात तिचं नाव बदललं, एवढंच लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्याकडे सकाळचे अकरा, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा. फोन लावला.

"अमेरिकेच्या सरकारला माझं माहेरचं नाव कशाला हवंय गं?" आई अर्धवट झोपेत होती. मग जरा थांबून तिनं नाव सांगितलं आणि स्पेलिंग दोनदा बदललं. ते नाव इंग्रजीत लिहायची वेळ तिच्यावर बहुधा शाळेनंतर आलीच नव्हती.

त्यानंतर अशाच एका खिडकीवर मावसबहिणीबरोबर गेले आणि एका मैत्रिणीच्या सिव्हिल सेरेमनीला, म्हणजे काउंटीच्या कार्यालयात लागलेल्या लग्नाला, साक्षीदार म्हणूनही उभी राहिले. तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसली. खिडकीवरचं काम वीस-पंचवीस मिनिटांचं असतं. माणसं अडतात ती घरी न बोललेल्या गोष्टींवर. म्हणून हा लेख लिहितेय. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे, कारण अमेरिकेत लग्नाचा कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत काउंटीचा संबंधच येत नाही. तिथे गावच्या रजिस्ट्रारकडे जायचं, अर्ज करतानाच अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार बरोबर न्यायचा आणि 72 तास थांबायचं. टेक्ससमध्येही 72 तास, न्यूयॉर्कमध्ये 24. कॅलिफोर्नियात अशी थांबायची अट नाही. सकाळी लायसन्स, दुपारी लग्न, असंही चालतं.

लायसन्स म्हणजे लग्न नव्हे

आपल्याकडे लग्न आधी होतं, मग सवडीनं नोंदणी. इथे उलटा क्रम आहे. आधी परवानगी, म्हणजे लायसन्स. मग समारंभ. मग लग्न लावणाऱ्यानं सही केलेलं तेच लायसन्स काउंटीकडे परत जातं आणि तिथे त्याची नोंद होते. त्या नोंदीची सर्टिफाइड कॉपी म्हणजे तुमचं विवाह प्रमाणपत्र. लायसन्स हातात आलं म्हणून लग्न झालं असं समजू नका, आणि लायसन्स न काढता आधी लग्न लावूनही घेऊ नका. "मुहूर्त गाठला, कागद सोमवारी बघू" हे इथे चालत नाही, कारण समारंभाची तारीख लायसन्सच्या तारखेआधीची असून भागत नाही.

भारतात विशेष विवाह कायद्याखाली ज्यांनी लग्न केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांना तीस दिवसांची नोटीस, बोर्डावर लागलेली नावं आणि तीन साक्षीदार आठवतील. इथे नोटीस नाही, हरकती मागवणं नाही, रक्ततपासणीही नाही. तुम्ही त्या काउंटीत, त्या राज्यात, अगदी या देशात राहायला हवं अशीही अट नाही. नागरिकत्व आणि व्हिसा यांचाही लायसन्सशी संबंध नाही. दोघंही अठरा वर्षांवरचे, दोघंही अविवाहित, दोघंही खिडकीवर एकत्र हजर आणि दोघांकडे फोटो असलेलं वैध सरकारी ओळखपत्र, एवढं पुरतं.

"अविवाहित" या शब्दापाशी थोडं थांबा. तुमचं लग्न भारतात रीतसर झालं असेल, तर तुम्ही कायद्यानं विवाहितच आहात आणि तिकडचं प्रमाणपत्र इकडे चालतं. "इथलंही एक काढून ठेवू" म्हणून काउंटीत जाऊ नका.

केव्हा काढायचं

लायसन्स 90 दिवस चालतं. दिल्याच्या तारखेपासून मोजायचं. तेवढ्यात लग्न लागलं नाही तर ते बाद होतं, पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. मुहूर्त पाहणाऱ्या घरांसाठी याचा हिशेब सोपा आहे. चातुर्मास चार महिन्यांचा आणि लायसन्स तीन महिन्यांचं. आषाढीच्या सुमारास काढलेलं लायसन्स तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाही. माझ्या मते लग्नाच्या तीन ते सहा आठवडे आधीचा काळ सगळ्यात बरा. चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो आणि मुदतीची धाकधूकही नसते.

बहुतेक काउंट्यांमध्ये आधी ऑनलाइन अर्ज भरून अपॉइंटमेंट घ्यावी लागते. उन्हाळ्यात, व्हॅलेंटाइनच्या आसपास आणि 10-10 किंवा 12-12 अशा लक्षात राहणाऱ्या तारखांना अपॉइंटमेंट पटापट संपतात. तुमच्याच काउंटीत जायचं बंधन नाही. राज्यात 58 काउंट्या आहेत. साधं, म्हणजे पब्लिक, लायसन्स कुठल्याही काउंटीत काढा आणि कॅलिफोर्नियात कुठेही वापरा. सॅन होजेला काढून सॅन डिएगोच्या समुद्रकिनाऱ्यावर लग्न लावलं तरी चालतं. लेक टाहोच्या पलीकडच्या, शेजारच्या नेव्हाडा राज्यातल्या काठावर मात्र चालत नाही. मंडप कुठल्या बाजूला पडतोय ते बुकिंगच्या वेळीच बघा.

पब्लिक की कॉन्फिडेन्शियल

लायसन्स सार्वजनिक हवं की गोपनीय, अर्ज भरताना पहिलाच प्रश्न हा येतो. पब्लिक लायसन्सला समारंभाच्या वेळी निदान एक साक्षीदार लागतो, दोनपर्यंत सह्या करू शकतात. साक्षीदाराला वयाची अट नाही. आपण काय पाहतोय ते कळायला हवं आणि सही करता यायला हवी. मावसबहिणीच्या लग्नात तिच्या बारा वर्षांच्या भाच्यानं सही केली आणि मग दिवसभर सगळ्यांना ते सांगत फिरला.

कॉन्फिडेन्शियलला साक्षीदार लागत नाही. पण तुम्ही आधीपासून पती-पत्नीसारखे एकत्र राहताय असं शपथेवर लिहून द्यावं लागतं आणि ते लायसन्स ज्या काउंटीत काढलं तिथेच वापरावं लागतं. त्याची नोंद सार्वजनिक नसते, प्रत फक्त त्या दोघांनाच मिळते. नाव ऐकून काहींना वाटतं की घरच्यांना न सांगता लग्न करायची ही सरकारी सोय आहे. तसं काही नाही, कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही लग्नं सारखीच. तुमच्याकडे खास कारण नसेल तर पब्लिक घ्या, असं मी सांगेन. चार माणसं तशीही जमणारच आहेत.

घरी बसून ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे आई-वडिलांची नावं. अर्जात दोघांच्याही आई-वडिलांचं जन्माच्या वेळचं पूर्ण नाव आणि त्यांचा जन्म कुठल्या राज्यात किंवा देशात झाला ते विचारतात. वडिलांचं सोपं असतं. आईचं मात्र आपल्या घरांमध्ये नाव, मधलं नाव, आडनाव असं तिन्ही बदललेलं असू शकतं. तुमच्या पासपोर्टवर छापलेलं आईचं नाव सासरचं असतं, इथे विचारलेलं माहेरचं. गोंधळून पासपोर्टवरून उतरवू नका. आईला आदल्या दिवशी फोन करा, स्पेलिंगसकट लिहून घ्या आणि जोडीदारालाही तेच करायला सांगा. त्याच्या आईचं माहेरचं नाव त्याला माहीत असेलच, असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक, ती म्हणजे लग्नानंतरचं नाव. कॅलिफोर्नियात 2009 पासून लग्नाच्या लायसन्सवरच दोघांपैकी कोणालाही, म्हणजे नवऱ्यालासुद्धा, नाव बदलून घेता येतं. कोर्टात जावं लागत नाही. बदलायलाच हवं असंही नाही. पण काय बदलता येतं याला सीमा आहेत आणि आपली मराठी पद्धत नेमकी त्या सीमेबाहेर पडते.

उदाहरण घेऊ. संध्या सुरेश जोशी आणि अमोल प्रकाश देसाई. आपल्या रिवाजानं ती संध्या अमोल देसाई होते. कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवर तिला संध्या सुरेश देसाई होता येईल. जोशी हे मधलं नाव करून संध्या जोशी देसाई होता येईल. जोशी-देसाई असं जोडआडनावही लावता येईल. पण संध्या अमोल देसाई होता येणार नाही. मधल्या नावात आडनावंच आणता येतात, नवऱ्याचं पहिलं नाव नाही. ही सगळी यंत्रणा पहिलं, मधलं, आडनाव अशा अमेरिकी साच्यावर उभी आहे. मधल्या जागी बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं हे त्या साच्याला ठाऊकच नाही.

पहिलं नाव तर लायसन्सवर बदलताच येत नाही. ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं त्यात नवं नाव लिहून, पेढे वाटून जो नामकरणाचा सोहळा होतो, तो खुशाल करा. पण ते नाव ताटातच राहील. कागदावर आणायचं असेल तर कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो.

हे खिडकीवर जायच्या आधी बोलायचं कारण असं की लायसन्सवर लिहिलेलं नवं नाव लग्नानंतर "विचार बदलला" म्हणून दुरुस्त करून मिळत नाही. टंकलेखनाची चूक असेल तर गोष्ट वेगळी. जे व्हिसावर आहेत त्यांनी आणखी सावध राहावं. इथल्या प्रमाणपत्रावर नाव बदललं म्हणून भारतीय पासपोर्ट आपोआप बदलत नाही आणि व्हिसाचे सगळे कागद पासपोर्टवरच्या नावानं चालतात. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, नोकरी अशी साखळी तुम्हालाच ओढायची असते. मी नाव बदललं नाही. त्यामागे तत्त्व कमी आणि त्या साखळीचा कंटाळा जास्त होता, हे कबूल करते.

आधी लग्न झालं असेल तर ते कधी आणि कसं संपलं याची नेमकी तारीख लागते. काही काउंट्या घटस्फोटाच्या निकालाची प्रतही मागतात. भारतातल्या कौटुंबिक न्यायालयाचा निकाल मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

खिडकीवर

पासपोर्ट न्या. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, पण तात्पुरता कागदी परवाना कित्येक ठिकाणी घेत नाहीत. साक्षीदार, गुरुजी, आई-वडील यांपैकी कोणाचीही अर्जाच्या वेळी गरज नसते. जन्मदाखलाही सहसा मागत नाहीत. फी काउंटीप्रमाणे वेगळी असते, साधारण शंभर डॉलरच्या आगेमागे. कार्डानं भरली तर वर थोडा आकार पडू शकतो.

क्लर्क तुमचा ऑनलाइन अर्ज उघडतो, ओळखपत्रं पाहतो आणि छापण्याआधी मसुदा तुमच्यासमोर ठेवतो. सगळ्या प्रक्रियेत महत्त्वाचा क्षण हाच. आम्ही लाजत, हसत, एकमेकांकडे बघत होतो आणि खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "रीड इट लाइक यू आर लुकिंग फॉर मिस्टेक्स." एक चूक सापडलीच. नवऱ्याच्या आईचं माहेरचं आडनाव वाघमारे, हवं होतं डब्ल्यूनं, मसुद्यात होतं व्हीनं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. जन्मतारखा नीट बघा, कारण इथे महिना आधी आणि दिवस नंतर येतो. 5 ऑगस्ट आणि 8 मे यांची अदलाबदल व्हायला क्षण लागत नाही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. इथे ते पहिलं आणि मधलं असं कसं तोडायचं ते तुमच्या सोशल सिक्युरिटीच्या आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदीशी जुळवून घ्या.

मग शपथ, सह्या आणि एक कागद हातात. तो घडी न घालता ठेवा, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. हाच कागद काउंटीत परत जाणार आहे. समारंभाच्या आधीच त्यावर चूक दिसली तर स्वतः खाडाखोड न करता क्लर्ककडे परत न्या.

गुरुजींशी आधी बोला

लग्न लावण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे आणि कुठल्याही धर्माच्या अधिकृत, अठरा वर्षांवरच्या पुरोहितालाही आहे. गुरुजींना राज्याकडे वेगळी नोंदणी करावी लागत नाही. मित्रानं लग्न लावावं अशी हौस असेल तर बऱ्याच काउंट्या फी घेऊन त्याला एका दिवसापुरता डेप्युटी कमिशनर नेमतात. काउंटीच्या कार्यालयातच सिव्हिल सेरेमनी करायची असेल तर तिची वेगळी अपॉइंटमेंट आणि वेगळी फी. समारंभ दहा मिनिटांत आटोपतो, अंगठ्या ऐच्छिक. माझ्या मैत्रिणीच्या वेळी आम्ही खिशातून अक्षता नेल्या होत्या. तिथल्या माणसानं तांदूळ बाहेर जाऊन टाका म्हणून सांगितलं, म्हणून सगळ्या पार्किंगमध्येच पडल्या.

एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला विधीचा कुठलाही ठरावीक साचा लागत नाही. पण लग्न लावणारा आणि आवश्यक साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी आपण एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं जाहीर करायला हवं. आपल्या पद्धतीत मंगलाष्टकं इतर म्हणतात, मंत्र गुरुजी म्हणतात आणि नवरा-नवरी बराच वेळ गप्पच असतात. म्हणून अंतरपाट दूर झाल्यावर किंवा सप्तपदीनंतर, ते एक वाक्य दोघांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, असं गुरुजींना आधीच सांगून ठेवा. मराठीत म्हटलं तरी हरकत नाही, फक्त साक्षीदाराला कळायला हवं.

लायसन्सचा कागद, काळं पेन आणि साक्षीदार या तिघांची जबाबदारी एकाच शहाण्या माणसावर सोपवा, वराच्या मित्रावर नको. गुरुजींनी तारीख, गाव, काउंटी, स्वतःचं नाव, पद आणि पत्ता लिहून सही करायची. खाडाखोड झाली, व्हाइटनर लावलं, रकाना चुकला, तर काउंटी कागद परत पाठवते आणि डुप्लिकेट लायसन्सचा खर्च व हेलपाटा वाढतो. म्हणून जेवणाची घाई व्हायच्या आत, टेबलावर बसून, निवांत लिहू द्या.

भरलेला कागद समारंभानंतर 10 दिवसांच्या आत, ज्या काउंटीनं लायसन्स दिलं तिकडे पोचायला हवा. कायद्यानं ही जबाबदारी लग्न लावणाऱ्याची आहे. पण गुरुजींना त्याच शनिवार-रविवारी आणखी दोन लग्नं आणि एक सत्यनारायण असतो. लिफाफा पत्ता लिहून, तिकीट लावून त्यांच्या हातात द्या आणि पाठवण्याआधी कागदाचा फोटो काढून ठेवा. मंगळवारी आठवणीचा एक फोन करा, त्यात संकोच नको.

प्रमाणपत्र आपोआप येत नाही

हे ऐकून बहुतेकजण दचकतात. नोंद झाली म्हणून काउंटी प्रमाणपत्र घरी पाठवत नाही. नोंद व्हायला काही आठवडे लागू शकतात. त्यानंतर सर्टिफाइड कॉपी वेगळी फी भरून मागवायची. पब्लिक लायसन्सची नोंद काउंटी रेकॉर्डरकडे असते, कॉन्फिडेन्शियलची क्लर्ककडे. मागताना "ऑथराइज्ड" प्रतच मागा. "इन्फर्मेशनल" प्रतीवर ती ओळख सिद्ध करायला चालणार नाही असा ठळक शिक्का असतो. टपालानं मागवली तर नोटरीसमोर केलेलं शपथपत्र जोडावं लागतं. मंदिरातून मिळालेलं सोनेरी किनारीचं, गणपतीचं चित्र असलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावा. व्हिसाच्या अर्जाला ते उपयोगी नाही.

प्रती निदान तीन घ्या. एक व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या कामाला, एक भारतातल्या कामांना, एक घरी. एच-फोर व्हिसासाठी, म्हणजे इथे नोकरीच्या एच व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसासाठी, अर्ज करायचा असेल तर हे प्रमाणपत्र लागतंच, त्यामुळे व्हिसाच्या तारखा ठरवताना नोंदणीचे आठवडे धरा. जोडीदाराचं ग्रीन कार्ड लवकर मंजूर होणार असेल तर लग्न त्याआधी झालेलं असणं फार महत्त्वाचं ठरतं. त्याबद्दल वकिलाशी बोला आणि लग्नाची तारीख त्यानंतरच पक्की करा. भारतात हे प्रमाणपत्र सरकारी कामासाठी द्यायचं असेल तर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून केलेलं प्रमाणीकरण, करून घ्या. हे काम सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिसच्या कार्यालयात होतं, टपालानंही होतं.

शेवटी तारखेबद्दल. आपल्यातली पुष्कळ जोडपी आधी इथे काउंटीत लग्न करतात आणि चार-सहा महिन्यांनी पुण्याला किंवा कोल्हापूरला धूमधडाक्यात. घरचे पहिल्याला "रजिस्टर" म्हणतात, दुसऱ्याला "खरं". म्हणोत. कुठल्याही फॉर्मवर लग्नाची तारीख लिहायची ती काउंटीची. भारतातल्या सोहळ्यानंतर कुणी हौसेनं तिकडेही नोंदणी करून टाकू, असं म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. एकाच लग्नाची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं असली की पुढे प्रत्येक व्हिसा अधिकाऱ्याला ते समजावत बसावं लागतं. आमच्या पत्रिकेवर पुण्याची तारीख होती, कर भरताना काउंटीची. सासूबाई अजून पुण्याच्याच तारखेला फोन करतात.